आगीचा सराव खरा वाटावा आणि सुरक्षितही राहावा: साहित्याची निवड आणि वापर

आगीचा सराव म्हटले की बऱ्याच ठिकाणी भोंगा वाजतो, सगळे रोजच्याच जिन्याने खाली येतात आणि मैदानात लोखंडी ट्रेमध्ये डिझेल पेटवून कोणीतरी ते विझवून दाखवतो. यातून लोकांना ज्वाळा दिसतात, परंतु आगीत ज्याने माणूस सर्वाधिक फसतो तो धूर आणि ती बंद झालेली वाट त्यांच्या अनुभवाला येतच नाही. म्हणून सरावासाठी जो काही खर्च करायचा असेल तो आधी या दोन गोष्टींवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाट अडवण्याचे साहित्य सर्वांत स्वस्त आहे. प्लायवूडच्या फळीवर आगीचे मोठे चित्र चिकटवावे, तिच्यामागे बॅटरीवर चालणारा लाल दिवा ठेवावा आणि कोणालाही पूर्वकल्पना न देता ती मुख्य जिन्याच्या वळणावर उभी करावी. लातूरमधील शिकवणी वर्गांच्या बहुमजली इमारतींत आणि वसतिगृहांत याचा विशेष उपयोग होतो, कारण तेथील मुले वर्षभर समोरच्याच जिन्याने ये-जा करतात आणि मागचा जिना कोठे उतरतो हे त्यांना सांगता येत नाही. मात्र मागचा दरवाजा उघडा आहे, त्याला कुलूप नाही आणि जिन्यात जुन्या खाटा किंवा गाद्या रचलेल्या नाहीत, याची खात्री संयोजकाने त्याच सकाळी स्वतः चालून करावी. बंद दरवाजापाशी गर्दी दाटली, तर सरावातच चेंगराचेंगरी होईल. फळीजवळ रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घातलेला एक निरीक्षक उभा असावा.

धुरासाठी लग्नाच्या डेकोरेशनवाल्यांकडे भाड्याने मिळणारे फॉग मशीन चालते, पण त्यात कोणते द्रव भरले आहे हे पाहून घ्यावे. पाण्यात मिसळलेल्या ग्लायकॉल किंवा ग्लिसरीनचे द्रव वापरावे. तेलाधारित द्रव, रंगीत धुराच्या कांड्या, जळते टायर किंवा ओला कडबा यांपैकी काहीही बंदिस्त जागेत वापरू नये. याच व्यावसायिकांकडे ड्राय आइसचा धूरही मिळतो आणि तो दिसायला फार सुरेख असतो, तथापि सरावात त्याला पूर्ण बंदी असावी. त्यात कार्बन डाय-ऑक्साइड असून तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, आणि धुरात खाली वाकून, रांगत बाहेर पडा असे तर आपणच लोकांना शिकवत असतो. म्हणजे शिकवल्याप्रमाणे वागणाराच गुदमरण्याचा धोका. फॉग मशीनचे तोंड तापते, म्हणून ते पडद्यांपासून आणि कागदांपासून दूर ठेवावे; धूर दोन-तीन मीटरवरचे अंधुक दिसेल इतकाच सोडावा; दमा असलेल्यांना व गर्भवतींना या भागातून आधीच वगळावे; आणि द्रवामुळे फरशी निसरडी झाली असल्यास ती लगेच पुसून घ्यावी.

या धुराने स्मोक डिटेक्टर वाजू शकतात. ज्या भागात धूर सोडायचा तेवढाच भाग फायर अलार्मच्या नियंत्रण पॅनेलवर तात्पुरता बंद करावा, सर्व्हर रूममध्ये वायू सोडून आग विझवणारी यंत्रणा असल्यास ती जाणकार तंत्रज्ञाकडूनच बंद करून घ्यावी आणि काय बंद केले ते वेळेसह वहीत लिहावे. अग्निशमन दलाला आधी फोन करून कळवावे, नाहीतर शेजाऱ्यांपैकी कोणी धूर पाहून 101 किंवा 112 वर कळवेल आणि गाडी विनाकारण धावेल.

यंत्र भाड्याने घेणे परवडत नसेल, तर धूळ अडवणाऱ्या साध्या गॉगलच्या काचेवर आतून बटर पेपरचे दोन थर चिकटवावेत. प्रकाश जाणवतो, आकार जाणवत नाही, आणि माणूस आपोआप भिंतीला हात लावून चालू लागतो. असा गॉगल घातलेल्या प्रत्येकामागे एक डोळस सोबती हवाच, आणि जिना सुरू होण्यापूर्वी गॉगल काढून घ्यावा.

बेशुद्ध माणूस बाहेर काढण्याच्या सरावासाठी जुनी पँट आणि शर्ट शिवून जोडावेत, धडात वाळूच्या पिशव्या आणि हातापायांत भुसा भरावा, एकूण वजन चाळीस-पन्नास किलो ठेवावे. हा पुतळा सतरंजीवर घेऊन ओढत नेण्याचा सराव करावा. पुतळ्याच्या जागी जिवंत माणूस घेऊन त्याला उंचावरून सोडणे किंवा जाळीत उडी मारायला लावणे कधीही करू नये. जुलै 2018 मध्ये कोइम्बतूरजवळच्या एका महाविद्यालयात आपत्ती सरावादरम्यान वरच्या मजल्यावरून ढकलल्या गेलेल्या विद्यार्थिनीचा मृत्यू झाला होता.

अग्निशामक सिलिंडर प्रत्येकाने हातात धरून चालवून पाहावा. यासाठी पाणी आणि हवेचा दाब भरलेले सरावाचे सिलिंडर उत्तम, कारण ते पुन्हा भरता येतात. ते नसतील, तर पुनर्भरणाची मुदत जवळ आलेले पावडरचे सिलिंडर मोकळ्या मैदानात, वाऱ्याकडे पाठ करून वापरावेत. पिन ओढणे, नोजल आगीच्या बुडाशी धरणे, दांडा दाबणे आणि डावीकडून उजवीकडे फिरवणे हे सांगून समजते. मात्र सहा किलोचा सिलिंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो, हे चालवल्याशिवाय पटत नाही. कार्बन डाय-ऑक्साइडच्या सिलिंडरचा कर्णा अतिशय थंड होतो, त्यामुळे तो उघड्या हाताने धरू देऊ नये.

परभणी, जालना किंवा बीडकडच्या जिनिंगमध्ये कापूस आणि सरकी असलेल्या आवारात डिझेलचा ट्रे, गॅसची ज्योत किंवा तापणारे फॉग मशीन आणूच नये. तेथे लाल दिवा आणि चित्राची फळी पुरेशी आहे. दबलेल्या गाठीत आग बाहेर न दिसता आतल्या आत धुमसत राहते, म्हणून एखाद्या गाठीवर लाल फडके बांधून ती रचलेल्या थप्पीतून वेगळी काढण्याचा सराव हमालांकडून करून घ्यावा.

एप्रिलमध्ये 14 ते 20 हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो आणि नेमके तेव्हाच आपल्याकडे ऊन चाळिशीपार व पाणी टँकरवर गेलेले असते. सराव सकाळीच उरकावा, जमण्याची जागा सावलीत निवडावी आणि तेथे पिण्याचे पाणी ठेवावे. हायड्रंटचा, म्हणजे आग विझवण्यासाठी बसवलेल्या पाण्याच्या जोडणीचा, दाब तपासणे टाळू नये. होजचे (पाइपचे) तोंड टाकीला घट्ट बांधून पाणी टाकीतच सोडल्यास ते वाया जात नाही.

सरावात खरोखरच कोणाला इजा झाली, तर तीन लांब शिट्ट्या आणि ‘खरी घटना’ हे शब्द ऐकताच सर्वांनी थांबावे, असे आधीच ठरवावे. प्रथमोपचार पेटी आणि न वापरलेला एक भरलेला सिलिंडर निरीक्षकाजवळ ठेवावा. शेवटी वापरलेल्या सिलिंडरवर ‘रिकामा’ अशी चिठ्ठी लावून त्याजागी भरलेला लटकवावा, आणि वहीतील नोंदीशी ताडून पॅनेलवर बंद केलेला प्रत्येक भाग पुन्हा सुरू झाल्याची सही घेतल्याखेरीज कोणालाही कामावर परत पाठवू नये.