ऑनलाइन स्पर्धेचे गट पाडताय? या चुका आम्ही करून बसलोय

आमच्या ऑनलाइन स्पर्धेचा पहिला सीझन जाहीर केला तेव्हा आमच्या डिस्कॉर्डवर (गेमर मंडळींचं गप्पांचं ॲप) बेचाळीस जण होते. पुणे, नाशिक, कोल्हापूर, दुबई, लंडन, न्यू जर्सी, सिंगापूर, मेलबर्न. खेळ दोन: बुद्धिबळ आणि व्हॅलोरंट, म्हणजे संघाने खेळायचा नेमबाजीचा व्हिडिओ गेम (शूटर). गट पाडले पाच: भारत, आखात, युरोप, अमेरिका आणि 'पूर्व'. पोस्टर झकास झालं होतं. चौथ्या आठवड्यात 'पूर्व' गटात तिघं उरले. त्यातला मेलबर्नचा दादा एकदा दोन तास रिकाम्या रूममध्ये बसला आणि शेवटी फक्त अंगठा टाकून निघून गेला. त्या अंगठ्याने जेवढं लागलं तेवढं शिव्यांनीही लागलं नसतं.

नकाशा बघून गट पाडणं

मूळ चूक ही. गट पाडायला दोन वेगवेगळी कारणं असतात आणि आपण त्यांची भेळ करतो. माणूस त्या वेळी जागा आणि मोकळा हवा, हे एक. त्याचं क्लिक सर्व्हरपर्यंत, म्हणजे खेळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंत, वेळेत पोचायला हवं, हे दुसरं. पहिलं घड्याळावर ठरतं, दुसरं केबलच्या लांबीवर. युरोपातल्या हिवाळ्यात हेलसिंकी आणि जोहान्सबर्गमध्ये एकाच वेळी आठ वाजतात, पण मध्ये जवळजवळ दहा हजार किलोमीटर आहेत. वेळेच्या हिशेबाने एक गट, नेमबाजीच्या खेळात मात्र अजिबात नाही.

फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद हे निसर्गाचंच भाडं झालं. केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते, त्यामुळे प्रत्यक्षात पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारे मिलिसेकंद, शंभराच्या वर जातं. न्यू यॉर्कचं दोनशेच्या आसपास. तुम्ही कितीही महागाचा प्लॅन घ्या, हा आकडा खाली येत नाही. "नेट चांगलं घे ना" असं अमेरिकेतल्या खेळाडूला सुनावणारे आमच्यात दोघं होते. त्यातला एक मी.

आता दहा मिनिटांच्या बुद्धिबळाच्या डावात दोनशे मिलिसेकंदांनी काय बिघडतं? काहीच नाही. एक मिनिटाच्या बुलेटमध्ये बिघडतं, व्हॅलोरंटमध्ये तर सगळंच बिघडतं. म्हणून बुद्धिबळाचे गट फक्त वेळ बघून पाडा, शूटरचे आधी सर्व्हर बघून आणि मग वेळ बघून. दोन्ही खेळांना एकच यादी लावली की दोन्ही कोलमडतात.

पिंग तोंडी विचारूही नका. "तीस-चाळीस येतं" हे उत्तर सकाळी अकराचं असतं. सामना ज्या वेळी आहे, त्याच वेळी तीन दिवस मोजून स्क्रीनशॉट मागवा. रात्री नऊला अख्खी सोसायटी मॅच बघत असते. आणि कधीकधी दोष घरातला नसतोच: ६ सप्टेंबर २०२५ ला लाल समुद्रात जेद्दाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, तेव्हा भारतापासून आखातापर्यंत इंटरनेट रखडलं होतं. अशा आठवड्यात सामने पुढे ढकलायची सोय नियमातच हवी.

गट जास्त, माणसं कमी

बेचाळीस जणांत पाच गट म्हणजे सरासरी आठ. त्यातले दोन आजारी, एक पाहुण्यांकडे, एकाची परीक्षा. उरलेले चार एकमेकांशी किती वेळा खेळणार? माझं मत स्पष्ट आहे: एका गटात बारा तरी नक्की येणारे असतील तरच तो वेगळा काढावा. 'नक्की येणारे' म्हणजे मागच्या महिन्यात निदान दोनदा आलेले. ग्रुपवर हात वर करणारे धरू नका.

आधी देश लिहू नका, कागदावर एक वेळ लिहा. रविवारी भारतात रात्री साडेआठ वाजतात तेव्हा दुबईत सात असतात. हिवाळ्यात लंडनला दुपारचे तीन आणि न्यू जर्सीत सकाळचे दहा. आखात, युरोप आणि अमेरिकेचा पूर्व किनारा असे आमचे तीन 'गट' या एका वेळेत मावत होते! फक्त कॅलिफोर्नियात सकाळचे सात, म्हणजे डोळे चोळत. सिंगापूरला रात्रीचे अकरा, आणि मेलबर्नला सोमवार उजाडून एक किंवा दोन वाजलेले. तिकडच्यांसाठी दुसरी वेळ दुपारी अडीचची: सिंगापूरला पाच, मेलबर्नला संध्याकाळचे सात-आठ. झालं, दोन वेळा. भारतातल्यांनी यातली कुठलीही निवडावी. त्यांची संख्या जास्त, त्यामुळे दोन्हीकडे ते भर घालतात. पाचाचे दोन गट केल्यावर पहिल्याच रविवारी एकतीस जण आले.

"शुक्रवारी रात्री दीड वाजता"

हे आमच्या घोषणेतलं वाक्य. मराठी माणसाला यात काही चुकीचं वाटत नाही, कारण आपला वार उजाडल्यावर बदलतो, रात्री बारा वाजता नाही. कॅलेंडरच्या हिशेबाने ती शनिवारची वेळ. अर्धी मंडळी चोवीस तास आधी येऊन बसली. त्यात जर्सीत वाढलेल्या एका पोराने 'दीड' म्हणजे किती हे आईला विचारलं, आणि आई झोपली होती.

नुसतं 'आयएसटी' लिहिणंही धोक्याचं. आयर्लंड आणि इस्रायलची वेळही त्याच तीन अक्षरांनी लिहितात, आणि आमचे दोघं डब्लिनला आहेत. सोपा उपाय म्हणजे डिस्कॉर्डचा टाइमस्टॅम्प. तो टाकला की ज्याच्या त्याच्या फोनवर त्याच्याच घड्याळाची वेळ दिसते. व्हॉट्सॲपवर जाहीर करणार असाल तर तारीख, वार आणि शहराचं नाव लिहा: "रविवार १५, पुणे २०:३०, लंडन १५:००". रात्री बाराची वेळ तर देऊच नका.

यापेक्षा फसवा प्रकार मार्चमधला. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही, म्हणून तिकडचं हलतं हे आपल्या लक्षातच राहत नाही. २०२६ मध्ये अमेरिकेचं घड्याळ ८ मार्चला एक तास पुढे जातं, ब्रिटनचं २९ मार्चला. मधले तीन आठवडे लंडनला तीनच, पण न्यू जर्सीत दहाचे अकरा. ५ एप्रिलला मेलबर्नचं घड्याळ उलट मागे येतं. दुबई, सिंगापूर जागच्या जागी. शरद ऋतूत हीच गंमत पुन्हा: मेलबर्न ४ ऑक्टोबर, ब्रिटन २५ ऑक्टोबर, अमेरिका १ नोव्हेंबर. आम्ही एकच नियम केला आहे, भारताची वेळ पक्की आणि या तारखांच्या आदल्या गुरुवारी आठवण. तरीही मार्चमध्ये एक जण चुकतोच.

आणि रविवार म्हणजे सुट्टी हेही गृहीत धरू नका. अमिरातीने २०२२ पासून शनिवार-रविवार धरला. पण कतार, कुवेत, सौदीत आठवडी सुट्टी शुक्रवार-शनिवार असते आणि रविवारी ऑफिस. दोहाचा आमचा खेळाडू 'आळशी' नव्हता, कामावर होता.

खात्याचा प्रदेश न तपासणं

व्हॅलोरंटमध्ये प्रत्येक खात्याला प्रदेश चिकटलेला असतो. भारतातलं खातं आशिया-पॅसिफिकमध्ये मोडतं, दुबईतलं युरोपमध्ये, आणि दोन प्रदेशांची खाती एका लॉबीत, म्हणजे सामन्याआधी जमायच्या रूममध्ये, येत नाहीत. आम्ही दुबई-पुणे सामना लावून पोस्टर काढलं, वीस मिनिटं आमंत्रणं पाठवली, आणि मग कुणीतरी हळूच ही गोष्ट सांगितली. बीजीएमआयचंही (पबजीची भारतीय आवृत्ती) तसंच, तो भारतापुरता खेळ आहे. नाव नोंदवतानाच खात्याचा प्रदेश विचारा, राहत्या देशावरून अंदाज बांधू नका. पुण्यात उघडलेलं खातं घेऊन माणूस बर्लिनला शिकायला गेलेला असतो. सीझन चालू असताना कुणी देश बदलला तर आम्ही गुण तसेच ठेवतो आणि फक्त खेळायची वेळ बदलू देतो.

नेट गेलं तर काय, हे आधी न ठरवणं

ऑगस्ट २०२० मधलं ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाड आठवा. नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या खेळाडूचं आपल्या निहाल सरीनविरुद्ध कनेक्शन तुटलं, त्यांची तक्रार फेटाळली गेली आणि आर्मेनियाने पुढची लढत खेळलीच नाही. मग ३० ऑगस्टला रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत निहाल आणि नागपूरची, तेव्हा चौदा वर्षांची, दिव्या देशमुख यांचंच कनेक्शन गेलं. घड्याळातली वेळ संपल्याने दोघांचे डाव गेले. भारताने तक्रार केली आणि शेवटी दोन्ही संघांना सुवर्ण मिळालं. आपल्याला आनंद झाला, आर्मेनियात काय वाटलं असेल ते सांगायला नको.

जागतिक बुद्धिबळ संघटनेची ही तऱ्हा, तर आपण कोण. आमचा नियम आता असा: पहिल्या दहा चालींच्या आत तुटलं तर डाव नव्याने, नंतर तुटलं तर घड्याळ चालूच. लाईट गेली हेही तुटणंच. शूटरच्या अंतिम सामन्यात दोन गट समोरासमोर आले की मधला सर्व्हर घ्यायचा, तसा नसेल तर एक नकाशा (खेळातलं मैदान) यांच्या सर्व्हरवर, एक त्यांच्या, आणि तिसऱ्यासाठी टॉस. टॉस आदल्या दिवशी.

निर्णय देणारा मात्र त्या वेळी जागा हवा. आमचे तिन्ही मॉडरेटर, म्हणजे निकाल देणारे पंच, पुण्याचे होते, त्यामुळे अमेरिकेतल्या शनिवार संध्याकाळच्या भांडणाचा निकाल रविवारी चहाच्या वेळी लागायचा. आता न्यू जर्सीची एक ताई मॉडरेटर आहे. तिचे निकाल आमच्यापेक्षा कडक असतात, आणि कुणी तिच्याशी वाद घालत नाही.

ऑकलंडचा एक जण राहिलाय. त्याला दुपारच्या अडीचच्या वेळेत रात्रीचे नऊ-दहा होतात. तो बुद्धिबळच खेळतो, आणि सध्या गुणतक्त्यात दुसरा आहे.