माहिती मेळाव्याला विषययादी घेऊन जा

विद्यापीठाच्या माहिती मेळाव्यातून मुलं पिशवीभर पत्रकं आणतात, पण कुठल्या टेबलावर काय सांगितलं ते घरी आल्यावर आठवत नाही.

१. आदल्या दिवशी आवडीच्या दोन-तीन अभ्यासक्रमांची सत्रनिहाय विषययादी संकेतस्थळावरून छापून घ्या. नुसत्या नावावर जाऊ नका. मानसशास्त्रात संख्याशास्त्र बहुधा सक्तीचं असतं. गणित टाळायला तिकडे वळलेला विद्यार्थी नेमका तिथेच अडकतो.
२. अवघड वाटणाऱ्या विषयाभोवती पेनाने गोल करा आणि प्रश्न त्यावरच विचारा: सक्तीचा की ऐच्छिक? शाळेत घेतला नसेल तर प्रवेश मिळतो का? नापास झाल्यास पुढच्या सत्रात बसू देतात का?
३. तिथे मदतीला उभ्या असलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठा. 'कॉलेज कसं आहे?' असं विचारलंत तर 'छान आहे' एवढंच कळेल. त्याऐवजी मागच्या आठवड्याचं वेळापत्रक सांगायला लावा.
४. उत्तर टेबल सोडण्याआधी त्याच कागदाच्या मागे लिहा.

पात्रता आणि शुल्क मात्र तोंडी माहितीवर ठरवू नका. दोन्ही दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळे चालू वर्षाची प्रवेश पुस्तिका बघाच.