शेंगेन व्हिसा: आधी तारखा जुळवा, मग अर्ज भरा

शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांचा गट. त्याच्या व्हिसाच्या फाइलमध्ये अर्ज, विमानाचं बुकिंग, हॉटेल, विमा आणि नोकरीतल्या रजेचं पत्र, हे पाचही कागद एकाच सहलीच्या तारखा सांगत असतात. त्यातली एक जरी वेगळी पडली, तरी तपासणाऱ्याला साऱ्या बेताबद्दलच शंका येते. म्हणून फॉर्म उघडण्याआधी कोणत्या रात्री कोणत्या गावी मुक्काम, हे एका कागदावर लिहून काढा. परतीचं विमान मध्यरात्रीनंतर असेल तर तारीख पुढच्या दिवसाची लागते. विमा आणि रजा आदल्या दिवशीच संपण्याची चूक इथेच होते.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हेही त्या कागदावरूनच ठरतं. शेंगेनमध्ये २९ देश आहेत. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज. दिवस सारखेच असतील, तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिथे अर्ज टाकून मुक्काम दुसरीकडे करणं धोक्याचं आहे. सीमेवर हॉटेलची बुकिंगं पाहिली की ते लगेच लक्षात येतं. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नसूनही शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस मात्र युनियनमध्ये असूनही शेंगेनबाहेर आहेत. पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा रोमला येणार असाल, तर ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो आणि शेंगेनचा किमान दोन प्रवेशांचा. हे अर्जातच मागावं लागतं.

पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला असावा, शेंगेनमधून बाहेर पडल्यानंतर किमान ३ महिने वैध राहावा आणि त्यात दोन पानं कोरी असावीत. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारणपणे १५ दिवस लागतात, पण कागद पुन्हा तपासायचे ठरले तर ४५ दिवसांपर्यंत वेळ जाऊ शकतो. त्यामुळे १५ दिवसांच्या भरवशावर कधीच राहू नका. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना माफ. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. बोटांचे ठसे १२ वर्षांपासून पुढच्यांना द्यावे लागतात. एकदा दिलेले ठसे ५९ महिने वापरता येतात.

विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. त्यात तातडीचे उपचार, रुग्णालयाचा खर्च आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च बसला पाहिजे. तो सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी लागू हवा.

बँकेच्या स्टेटमेंटमध्ये शिल्लक किती, याइतकंच ती कुठून आली हेही पाहिलं जातं. अर्जाच्या चार दिवस आधी खात्यात मोठी रक्कम आली, तर ती उसनी असल्याचा संशय येतो. रक्कम खरोखर तुमचीच असेल, मुदतठेव मोडली असेल, तर त्याची पावती जोडा आणि सोबतच्या पत्रात एका ओळीत लिहा. खर्च दुसरं कोणी करणार असेल तर त्यांचं पत्र, त्यांचं स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा, तिन्ही द्या. विमानाचं तिकीट मात्र व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणाऱ्या दरात काढू नका. अर्जाला आरक्षण चालतं.

आता सगळ्यात जास्त गोंधळाची गोष्ट: ९० आणि १८०. शेंगेनमधल्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून मागचे १८० दिवस मोजायचे. त्यात तुमचे दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत. आत शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. समजा तुमच्याकडे अनेक प्रवेशांचा व्हिसा आहे. १ ते ३० मार्च राहिलात, म्हणजे ३० दिवस. मग १ जून ते ३० जुलै, म्हणजे ६० दिवस. ९० भरले. ३१ जुलैला तिथे थांबलात तर मुदत ओलांडली. मार्चचे दिवस मोजणीतून एकेक गळायला लागतात ते २८ ऑगस्टपासून, म्हणून परत शिरता येईल तेही लवकरात लवकर त्याच दिवशी, आणि तेव्हा शिरलात तर राहता येईल फार तर २६ सप्टेंबरपर्यंत. व्हिसा डिसेंबरपर्यंत वैध असला तरी यात फरक पडत नाही.

पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसाचा स्टिकर हातात आला की केंद्राच्या दारातच वाचा. 'पासून–पर्यंत' या तारखांमधलं अंतर मुक्कामाच्या दिवसांपेक्षा बहुधा जास्त असतं, कारण बेत थोडा मागेपुढे झाला तर सांभाळता यावा म्हणून जादा दिवस दिलेले असतात. तुमचा हक्क 'दिवस' या रकान्यातल्या आकड्यावर. तिथे १० असेल तर दहाच. प्रवेशांच्या रकान्यात ०१ असेल तर एकदा बाहेर पडलं की तो व्हिसा संपला. नाव, पासपोर्ट क्रमांक किंवा तारीख चुकली असेल तर त्याच दिवशी कळवा.

व्हिसा असला तरी सीमेवरचा अधिकारी प्रवासाचं कारण, परतीचं तिकीट, मुक्कामाचा पत्ता आणि पैशांचा पुरावा विचारू शकतो, आणि समाधान झालं नाही तर प्रवेश नाकारूही शकतो. फाइलमधल्या या कागदांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन केलेलं सामान पासपोर्ट तपासणीनंतर मिळतं.