सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताय? प्रोग्रॅम चालतो, पण उत्तर चुकतं. या चुका टाळा

पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजारातून, अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाइडमधले प्रोग्रॅम जसेच्या तसे टाइप केले की बहुतेक चालतात. गाडी अडते ती स्वतःच्या मनाने एखादा लिहायला घेतल्यावर.

कंपायलरने (तुमचा प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करून देणारं सॉफ्टवेअर) एररची रांग लावली तर घाबरू नका. फक्त पहिली एरर वाचा, दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा. खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात. दाखवलेल्या ओळीत काही सापडलं नाही तर वरच्या ओळीचा शेवट बघा, सेमीकोलन बहुधा तिथेच राहिलेला असतो. खरी डोकेदुखी वेगळीच: मुकाट्याने कंपाइल होऊन चुकीचं उत्तर छापणारा प्रोग्रॅम.

टक्केवारीचंच घ्या. ६०० पैकी ४३७ गुण, म्हणून तुम्ही ४३७/६००*१०० लिहिलंत आणि स्क्रीनवर आलं शून्य. दोन्ही संख्या इंट, म्हणजे पूर्णांक, म्हणून भागाकारही पूर्णांकातच होतो: ४३७/६०० म्हणजे ०, आणि शून्याला शंभराने गुणून काय मिळणार? उत्तर ठेवायला फ्लोट (दशांश संख्येचा प्रकार) घेतला तरी उपयोग नाही, कारण दशांश भाग त्याआधीच गळलेला असतो. १००.०*४३७/६०० लिहा, ७२.८३ मिळेल. फॅरनहाइटचं सेल्सिअस करतानाही हेच. सूत्र ५/९ ने सुरू केलंत की १०४ फॅरनहाइटचे ४० ऐवजी ० अंश होतात. एप्रिलातलं पुणं थेट गोठतं! तिथे ५.०/९ हवं.

दुसरा नेहमीचा घोळ मेनूच्या प्रोग्रॅममध्ये. समजा बसच्या तिकिटांचा सराव करताय. आधी स्कॅनएफमध्ये %डी (पूर्णांक वाचण्याची खूण) देऊन प्रवासी किती ते घेतलं, मग ‘आणखी तिकीट हवं का?’ विचारून %सी ने एक अक्षर वाचायला सांगितलं. प्रोग्रॅम तिथे थांबतच नाही, सरळ पुढे जातो. संख्येनंतर तुम्ही दाबलेलं एंटर इनपुटमध्येच पडून असतं आणि %सी तेच उचलतो. अवतरणचिन्हात %सी च्या आधी एक मोकळी जागा सोडा, काम झालं. सीनियर मंडळी इथे एफफ्लश वापरून इनपुट साफ करायला सांगतील. काही कंपायलरवर ते खपून जातं, पण इनपुटवर एफफ्लशने काय करावं हे सीच्या स्टँडर्डने ठरवलेलंच नाही. त्या सवयीच्या वाटेला जाऊ नका.

फॅक्टोरियल (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्यांचा गुणाकार) तर आणखी फसवं. लॅबमधल्या निळ्या पडद्याच्या टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये इंट १६ बिटांचा, म्हणजे कमाल ३२,७६७. तिथे ८ चं फॅक्टोरियल ४०,३२० ऐवजी -२५,२१६ दिसतं. ऋण आकडा बघून निदान शंका तरी येते. घरच्या लॅपटॉपवर जीसीसी या कंपायलरमध्ये इंट ३२ बिटांचा; १२ पर्यंत सगळं बरोबर, आणि १३ ला साधारणपणे १,९३,२०,५३,५०४ येतं. धन आणि दिसायला भरघोस, पण खरं उत्तर ६,२२,७०,२०,८०० आहे. जर्नलमध्ये चुकीचा आकडा कुणाच्या लक्षातही न येता उतरून जाईल. लाँग लाँग हा मोठा पूर्णांक आणि तो छापायला %एलएलडी वापरलंत तर २० पर्यंत निभावतं.

बाकीच्या चुका ठरलेल्या: इफमध्ये == ऐवजी =, स्कॅनएफमध्ये विसरलेला &, फॉरच्या कंसामागे लगेच पडलेला सेमीकोलन, बेरजेच्या व्हेरिएबलला सुरुवातीला ० न देणं, पाच घरांच्या ॲरेवर <=५ पर्यंत फिरणं. जीसीसीला -वॉल (डब्ल्यू कॅपिटल) हा वॉर्निंग दाखवणारा पर्याय देऊन कंपाइल करा. पहिल्या दोन चुकांची वॉर्निंग हमखास मिळेल. ती एररइतकीच गांभीर्याने घ्या.

टक्केवारीच्या भागाकाराबद्दल मात्र -वॉलही चकार शब्द काढत नाही. तिथे रन करण्याआधी एक उत्तर कागदावर काढून ठेवा, आणि इनपुट म्हणून १०, २० असे सोयीचे आकडे देण्याऐवजी ०, १ आणि एखादी ऋण संख्या देऊन बघा.