लॅटिनो वस्तीत आरोग्य-संशोधन: नव्या विद्यार्थ्यांसाठी अनुभवाचे चार शब्द

सार्वजनिक आरोग्य शिकण्यासाठी अमेरिकेत आलेल्या मराठी विद्यार्थ्याला हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या (ढोबळमानाने लॅटिनो) समाजातील आरोग्यविषमतेवरील प्रकल्पात काम मिळाले, तर त्याने माहितीचे विश्लेषण हाती घेण्याआधी विद्यापीठ आणि वस्तीतील संस्था यांच्यात झालेला करार वाचावा. शिकागोतील लिटल व्हिलेज या मेक्सिकन वस्तीत काम करताना माझे हे मत पक्के झाले, कारण प्रश्न कोणी ठरवायचा, पैसा कोणाकडे जायचा आणि निष्कर्ष आधी कोणाला कळवायचे, हे सारे त्या करारातच ठरलेले असते.

'हिस्पॅनिक' हा एकजिनसी समाज नाही. ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो येथे २००८ ते २०११ या काळात सोळा हजारांहून अधिक प्रौढांची नोंदणी करणाऱ्या 'हिस्पॅनिक कम्युनिटी हेल्थ स्टडी'त मधुमेहाचे प्रमाण मेक्सिकन वंशाच्या लोकांत १८.३ टक्के, तर दक्षिण अमेरिकी वंशाच्या लोकांत १०.२ टक्के आढळले. सगळ्यांची मिळून एकच सरासरी काढली, तर नेमकी कोणत्या वस्तीला कशाची गरज आहे, हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

प्रत्यक्ष कामाचा कणा म्हणजे प्रोमोतोरा, अर्थात वस्तीतच राहणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या. आपल्याकडच्या आशाताईंच्या कामाशी त्यांच्या कामाचे बरेच साम्य आहे. एका बैठकीत आम्ही संमतिपत्राचा मसुदा वाचत होतो. रक्ताचे नमुने पुढील संशोधनासाठी जतन केले जातील, या वाक्यावर एका प्रोमोतोराबाईंनी बोट ठेवले आणि ते कोणाकडे राहणार, किती वर्षे राहणार आणि स्थलांतर खात्याने नावे मागितली तर आम्ही काय करणार, असे तीन प्रश्न विचारले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या (एनआयएच) निधीतून चालणाऱ्या अशा संशोधनाला २०१७पासून गोपनीयतेचे प्रमाणपत्र आपोआप लागू होते आणि सहभागींची ओळख पटवणारी माहिती कायदेशीर कारवाईत बळजबरीने उघड करण्यापासून त्यामुळे संरक्षण मिळते. पण आमच्या मसुद्यात हे साध्या स्पॅनिशमध्ये लिहिलेलेच नव्हते. त्या बाईंच्या शेजाऱ्यांना सर्वांत मोठी भीती तर नावे स्थलांतर खात्याकडे जाण्याचीच होती.

अशा जाणकारीचे मोल अंदाजपत्रकात दिसले पाहिजे. वस्तीतील संस्थेला उपअनुदान, म्हणजे विद्यापीठाच्या अनुदानातला वाटा, मिळते का आणि प्रोमोतोरांना नियमित वेतन आहे की केवळ भेटकार्डांवर बोळवण होते, हे नोकरीच्या मुलाखतीतच विचारावे. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, आणि मिळालेल्या उत्तरावरून भागीदारी किती खरी आहे, ते बऱ्यापैकी कळते.

तपासणीत कोणाची साखर फार वाढलेली निघाली, तर पुढे काय, याचीही तजवीज आधीच हवी. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना सरकारी विमा सहसा मिळत नाही. त्यामुळे उत्पन्नानुसार शुल्क घेणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे कोणती, तेथे स्पॅनिश बोलणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात आणि नव्या रुग्णाला किती आठवडे थांबावे लागते, याची यादी पहिल्या सहभागीचे रक्त घेण्यापूर्वी तयार असावी, आणि ती अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे नेमून दिलेली असावी.