बीफ आणि राजम्याची चिली (दाट, तिखट रस्सा), घाई न करता

राजमा रात्रीच भिजत घाला, सकाळी ते पाणी फेकून नव्या पाण्यात किमान 10 मिनिटं खळखळून उकळा, मग मऊ शिजवा. कच्चट राजम्याने पोट जाम बिघडतं, इथे शॉर्टकट नको. डब्यातला घेतला तर टेन्शन नाही, तो शिजलेलाच असतो.

आता बीफ. अर्धा किलो जाडसर खिमा, अगदी बिनचरबीचा नको, जाड बुडाचं पातेलं कडकडीत तापवून थोडा थोडा टाका, सगळा एकदम ओतला की पाणी सुटतं आणि तो परतायच्या ऐवजी उकडत बसतो. आणि लगेच ढवळू नका!! खालून तपकिरी झाला, बुडाला खरपूस थर धरला की मगच हलवा, खरी चव तिथेच आहे. खिमा काढून त्याच्या सुटलेल्या चरबीत कांदा, लसूण, मग जिरेपूड, लाल तिखट, ओरेगॅनो मिनिटभर. चार टोमॅटो घालून बुडाचा थर खरवडून घ्या, खिमा परत टाका, पाणी घालून मंद आचेवर दीड तास. शिजलेला राजमा शेवटच्या अर्ध्या तासात, कच्चा टाकलात तर टोमॅटोच्या आंबटपणात तो मऊच होत नाही. पातळ वाटली तर थोडा राजमा चमच्याने चेचा. दुसऱ्या दिवशी अजून भारी लागते, म्हणून मी जास्तच करते.