बँक मित्राकडे अंगठा देताना या चुका टाळा

तालुक्याच्या शाखेत जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि अर्धा दिवस मोडतो. म्हणून गावातला बँक मित्र सोयीचा, म्हणजे मशीनवर आधार आणि अंगठा घेऊन पैसे काढून-भरून देणारा बँकेचा प्रतिनिधी. रिझर्व्ह बँकेने 2006 मध्ये असे प्रतिनिधी नेमायची मुभा बँकांना दिली, तेव्हापासून ही सोय आहे.

सगळ्यात महागात पडते ती घाई. ‘लिंक नाही, पुन्हा द्या’ म्हटलं की आपण लगेच दुसऱ्यांदा अंगठा टेकवतो. पण व्यवहार फेल दिसला तरी खात्यातून पैसे कट झालेले असू शकतात. आधी शिल्लक बघायला लावा, मगच पुन्हा अंगठा द्या. पैसे कट झाले आणि हातात आले नाहीत, तर फेल व्यवहाराचीही पावती मागून घ्या आणि आपलं खातं असलेल्या बँकेत तक्रार नोंदवा. 2019 च्या नियमानुसार व्यवहारानंतर 5 दिवसांत पैसे परत यायला हवेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. ही भरपाई कुणी मागतच नाही!

अंगठा लागतच नसेल तर? शेतात, वीटभट्टीवर राबलेल्या हातांच्या रेषा झिजतात. आधारमध्ये दहाही बोटांची नोंद असते. हात धुऊन कोरडे करा, दुसरं बोट लावून बघा. तरीही जमेना तर आधार केंद्रात ठसे अपडेट करून घ्या.

‘लाडकी बहीण’चा हप्ता आलाच नाही, ही तक्रार तर रोजची. पुष्कळदा तो आलेला असतो, पण दुसऱ्याच खात्यात. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी मदत थेट खात्यात येण्यासाठी, आधार शेवटचं ज्या बँकेशी जोडलं, तिथे पैसे जातात. आपण मशीनवर भलत्याच बँकेची शिल्लक बघत बसतो.

‘ओळखीचाच पोरगा आहे’ म्हणून त्याच्या वहीत लिहून पैसे ठेवून येऊ नका. बँक मित्राच्या कामाची जबाबदारी बँकेवर असते खरी, पण मशीनवर व्यवहारच झाला नाही तर तुम्ही बँकेला दाखवणार काय? छापील पावती घ्या, मोबाईलवर मेसेज आला का बघा.

न केलेल्या व्यवहाराचा मेसेज आला तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बँकेलाही कळवा. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक करता येतं. फक्त पैसे काढायला जाताना ते उघडायला विसरू नका, नाहीतर मशीन अंगठा घेणार नाही आणि शिव्या बिचारा बँक मित्र खाईल.